माणशी एक करटी

सर्जेबंदर हे शहर आहे ही बातमी सर्जेबंदराला २००९ च्या ऑक्टोबरात पुण्याहून आलेल्या एका बाईंनी दिली. तोवर गावाला नगरपरिषद होती, घरपट्टी होती आणि कचऱ्याची एक गाडी होती, जी आठवड्यातले चार दिवस स्वतःच कचऱ्यात जमा असायची. पण एवढ्यावरून आपण शहर असू अशी शंका कुणाला आली नव्हती.

बाईंचं नाव उर्वशी. जगाला जो ताप चढतो आहे त्यात कुठल्या शहराचा हात किती, हे मोजायचं काम त्यांच्या संस्थेकडे आलं होतं. मोठी शहरं मोजायला अवघड. एकाचा धूर कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो ते कळत नाही. म्हणून नमुन्याला एक लहान शहर हवं होतं, आणि तेही एका बाजूला समुद्र असलेलं. निदान तेवढ्या बाजूची हद्द तरी वादात नको.

नगरपरिषदेच्या सभेत बाईंनी पडद्यावर रंगीत गोल दाखवले. हरितगृह वायू, दरडोई उत्सर्जन, टन. नगराध्यक्षांना सगळे भाई म्हणत. भाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मॅडम, आम्ही धूर करतो की नाही करत? कायतरी एक सांगा, त्याप्रमाणे ठराव करून टाकू."

"ते मोजल्यावर कळेल," बाई म्हणाल्या.

मोजायचं कुणी, हा प्रश्न मात्र सभेत आलाच नाही. गावात मोजण्याचं वेड एकाच माणसाला होतं. कॉन्स्टान्सियो रॉड्रिग्स हायस्कूलात तेवीस वर्षं विज्ञान शिकवत होते. गाव त्यांना कॉन्सू सर म्हणे. त्यांच्याकडे स्वतःचा ताणकाटा होता, आणि तो घेऊन ते मासळीबाजारात जात. त्यामुळे बाजारात त्यांना पाहून कुणी हसत नसे, आणि गेली अकरा वर्षं घरची मासळी त्यांची बायको रोझालिना एकटीच आणत होती. अशा माणसाला कुणी हाक मारून सांगितलं की तुमच्या काट्याची जगाला गरज आहे, तर तो मानधन विचारत नाही. सरांनी विचारलंही नाही.

काम सोपं होतं. घरोघर जायचं. घरात रोज कितीजणांसाठी शिजतं ते लिहायचं. एका वेळच्या जेवणाला लागणारं लाकूड चुलीत जाण्याआधी तोलायचं, उरलेलं नंतर तोलायचं, वजाबाकी करायची. लाकडाचा धूर हिशेबात धरायचा की नाही यावर बाहेरदेशी विद्वानांचे दोन तट पडले होते. पण तोवर तोलून ठेवायला हरकत नाही, यावर दोन्ही तटांचं एकमत होतं.

"आणि बोटींचं डिझेल?" सरांनी विचारलं होतं.

"ते हद्दीबाहेर जळतं ना, सर. समुद्र नगरपरिषदेत येत नाही."

म्हणजे दोन पिंपं डिझेल पिऊन येणारी बोट शून्य, आणि तिने आणलेली मासळी शिजवणारी चूल शहराच्या पापात जमा. ती मासळी बर्फात घालून मुंबईला जाते तो ट्रक कुणाचा, हे सरांनी विचारलं तेव्हा बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढे त्याचं काही झालं नाही.

खरी लढाई निघाली ती माणसांच्या आकड्यावर. पहिल्याच दिवशी दाजी तोरसकरांच्या ओटीवर.

"दाजीनू, घरात माणसां किती?"

"नऊ."

"माका दोनच दिसतत."

"तीन परळाक, दोघां डोंबिवलेक, दोघां नायगावाक. मगे? मुंबयक गेली म्हणान काय ती मेली?"

सरांनी दोन लिहिलं. दाजी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण घराघरातून हेच. गावातली चाळीस वर्षांपूर्वी गेलेली माणसं अजून गावातच होती. त्यांच्या नावाची गादी माळ्यावर, त्यांचं नाव रेशनकार्डावर. ती सगळी धरून भागाकार केला असता तर सर्जेबंदर पृथ्वीतलावरचं सर्वात पुण्यवान शहर ठरलं असतं. सर एकेकाला काट मारत गेले. तीन आठवड्यांत त्यांनी चारशे अकरा माणसं कापली. एवढी पटकीत पण गेली नाय हुती, असं दाजी पारावर सांगत.

त्याच दिवसांत, अकरा नोव्हेंबरला, फयान आलं.

किनाऱ्याला वादळं नवीन नाहीत, पण हे दिवाळी उलटल्यावर, पावसाळा संपवून निवांत झालेल्या दर्यात आलं. बोटी बाहेर होत्या. काही त्याच रात्री परतल्या, काही भरकटत भलत्याच बंदराला लागल्या. चौथ्या दिवशी कारवारहून कुणाचा फोन आला, पाचव्या दिवशी गोव्याहून. 'सुभद्रा' नावाच्या बोटीवर चौघं होते. तिचा फोन आला नाही.

मोजणी थांबवावी का, असं सरांनी पुण्याला विचारलं. उर्वशीबाईंना खरंच वाईट वाटलं. पण डिसेंबरात परदेशात मोठी बैठक होती, आकडे त्याआधी पोचायला हवे होते. वादळ वेळापत्रकात नव्हतं, आणि वेळापत्रक मंजूर होऊन आलेलं होतं.

सतरा तारखेला सर काटा खांद्याला लावून दांड्यावर, मच्छीमारांच्या वस्तीत, एकशे बारा नंबरच्या घरात शिरले. घर कृष्णाबाईंचं. त्यांचा मुलगा नितेश 'सुभद्रा'वर होता.

दांड्यावरच्या घरांत एक रीत आहे. भात माणसं मोजून घालतात, माणशी एक करटी तांदूळ. नारळाची अर्धी करवंटी घासून गुळगुळीत केलेली असते आणि ती सासूकडून सुनेकडे जाते. घरातला माणूस दर्यात असला तरी त्याची करटी चुकवायची नाही. तो आज येवो की चार दिवसांनी, भात त्याला धरूनच शिजतो. उरला तर सकाळी पेजेत जातो. बोट बाहेर असताना करटी कमी घालणं म्हणजे आपल्याच हाताने माणूस वजा करणं. ही रीत कुणी शिकवत नाही. ती मोडलेली मात्र कुणी पाहिलेली नाही.

कृष्णाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. सून वर्षाली भिंतीला टेकून. तिच्या दोन लहान मुली दारात करवंट्यांचा खेळ मांडून बसलेल्या.

"घरात माणसां..." सरांनी एवढंच म्हटलं.

"पाच," कृष्णाबाई म्हणाल्या.

सरांनी वर्षालीकडे पाहिलं. ती चुलीकडे पाहत होती. कृष्णाबाईंनी त्यांच्यादेखत पाच करट्या मोजून तांदूळ घेतला. सरांनी लाकूड तोललं, भात होईपर्यंत ओटीवर बसले, मग उरलेलं तोललं. तीन किलो दोनशे. तीन आठवड्यांत गावच्या चुली तोलून त्यांना पाठ झालं होतं: पाच माणसांच्या भाताला, कालवणाला बरोबर एवढंच लागतं. गावात कुठेही माणसं आणि लाकूड इतकं तंतोतंत जुळलं नव्हतं.

चारशे अकरा माणसं कापलेला हात तिथे थांबला. मोजमापाचा आधार आहे म्हणून थांबला, असं सरांनी स्वतःला बजावलं. त्यांनी पाच लिहिलं. खाली कृष्णाबाईंची सही घेतली. उठताना म्हणाले, "येतलो तो." हे म्हणायला कुठल्या मोजमापाचा आधार होता, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

आकडे गेले. बैठक झाली. जगाचा ताप काही उतरला नाही, पण तो उतरेल असं वर्तमानपत्रांनाही वाटलेलं नव्हतं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, वर्षाली शाळेच्या प्रयोगशाळेत आली. तिच्या हातात एक कागद होता.

"सर, ह्यां वाचा. माका शब्द कळतत. अर्थ नाय कळणा."

तालुक्याच्या कचेरीतून श्री. नितेश यांच्या नावे आलेली नोटीस होती. नौका 'सुभद्रा' हिच्या अपघातासंबंधी, आपण सदर नौकेवरील बचावलेले एकमेव खलाशी असल्याचे आढळून आल्याने, जबाबासाठी मूळ ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे.

"खंय आढळलो?" वर्षालीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "कोणाक तरी आढळलो ना? ता माका सांगा. मी जातंय आणूक."

"आई काय म्हणतात?"

"आयेन कागद देवाकडे ठेवल्यान. सरकारान लिवल्यान म्हणजे आसा म्हणता. काल साखर वाटल्यान." ती थांबली. "त्या तिघांच्या घरांक पण वाटून इली."

"त्यांनी काय केलं?"

"घेतली. काय करतली?"

सरांनी कागद पुन्हा वाचला. संदर्भ क्रमांकाच्या ओळीत लिहिलं होतं: नगरपरिषद गृहपाहणी, दि. १७ नोव्हेंबर, घर क्र. ११२. उरलेले दोन तास त्यांनी मुलांना वाचनाला बसवलं.

कचेरीत टेबलावर सहदेव होता. सरांचाच विद्यार्थी, नितेशच्या वर्गातला. त्याने उठून खुर्ची पुढे केली, फाइल काढली, आणि सरांपुढे सरांचंच अक्षर ठेवलं.

"आमच्याकडे घरोघर पाठवायला माणसं नाहीत, सर. वादळानंतरची ताजी पाहणी एकच झाली, तुमची. वरून आदेश आला, तिच्यावरून यादी पडताळा. 'सुभद्रा'वरचे चार. त्यातल्या तिघांना तुमच्या पाहणीत काट मारलेली आहे. एक आहे."

"अरे, ती चुलीची मोजणी होती!"

"शिक्का नगरपरिषदेचा आहे, सर. आईची सही आहे. आणि लाकूडही पाच माणसांचं आहे. साहेबांनी ते मुद्दाम दाखवलं मला. म्हणाले, माणूस खोटं बोलेल, लाकूड नाही बोलणार."

"बोट अकराच्या वादळात गेली. माणूस सतराला घरी कसा?"

"म्हणून तर जबाबाला बोलावलंय."

 सहदेवने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, तशी त्याची भाषाही खाली उतरली.

"सर, माका म्हायत आसा. माझ्या वांगडा क्रिकेट खेळाक होतो तो. पण माका म्हायत आसणां म्हणजे कागद नाय." मग पुन्हा सरळ बसून तो कचेरीच्या मराठीत म्हणाला, "बेपत्त्यांची यादी एकतीस जानेवारीला बंद होते. यादीत नाव नसेल तर तो बेपत्ता नाही. आणि बेपत्ता नाही, तर सात वर्षांनी मेलेलाही नाही. त्याच्या बायकोला काय म्हणायचं, ते मग आम्हालाही लिहिता येणार नाही. तुमच्या मोजणीत दुरुस्ती झाल्याचा कागद आणा, सर. पाचाचे चार."

सरांनी बाहेर येऊन पुण्याला फोन लावला.

"आकडे आता गोठवलेत, सर," उर्वशीबाई म्हणाल्या. "पण पाच टक्के घरांची फेरतपासणी करायचीच आहे. घाला ते घर त्यात. एकशे बारा ना? ते तर आमच्या सादरीकरणात आहे! इतकं शुद्ध घर अख्ख्या नमुन्यात नाही."

"वजन कमी आलं, तर माणसं कमी धराल ना?"

"जे मोजलं जाईल ते धरू, सर. तत्त्वच आहे आमचं."

तेवीस वर्षं मुलांना प्रश्न नीट वाचायला शिकवणाऱ्या माणसाने हे उत्तर म्हणजे होकार आहे असं धरलं.

सत्तावीस जानेवारीला, सकाळी अकराच्या सुमारास, सर पुन्हा एकशे बारामध्ये शिरले. देवाच्या फळीवर नोटीस होती, तिच्यावर जास्वंदीचं फूल.

"येवा मास्तरानु," कृष्णाबाई म्हणाल्या. दोन महिन्यांत त्या इतक्या प्रसन्न दिसल्या नव्हत्या. "परत तोलूचां? तोला. लाकडां काय पळान जातत?"

"माणसां पण परत लिवचीं आसत, कृष्णाबाय."

"लिवलात ना मागे. पाच."

सर चुलीजवळ मांडी घालून बसले. वर्षाली नेहमीच्या जागी भिंतीला टेकली.

"नितेशचां नाव बेपत्त्यांच्या यादीत नाय," सर म्हणाले. "बाकी तिघांचां आसा."

"कशाक आसात? तो बचावलो म्हणान सरकारान लिवल्यान ना?"

"ता सरकारान नाय लिवल्यान."

"मगे कोणी?"

"मी लिवलंय." सरांनी काटा मांडीवर घेतला, परत खाली ठेवला. "हयच बसान. तुमी पाच म्हटलात, मी पाच लिवलंय. तोच कागद फिरान फिरान तुमच्याकडे इलो, कृष्णाबाय. तेच्यात दुसरा काय नाय."

बाहेर मुली भांडत होत्या. कृष्णाबाईंनी नोटिशीकडे पाहिलं नाही, सुनेकडेही नाही. बराच वेळ त्या तव्याचा कान पदराने पुसत बसल्या.

"म्हणजे तेका कोणी बघूक नाय?"

"नाय."

"कोणीच?"

"कोणीच नाय."

"तुका म्हायत होता?" हा प्रश्न वर्षालीला होता.

"मनात म्हायत होता, आये."

"आणि माका साखर वाटूक दिलंस?"

 कृष्णाबाई उठल्या. तांदळाचं मडकं ओढून त्यांनी करटी भरली. एक टोपात. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी भरून हात टोपावर आला आणि तिथेच राहिला. सरांनी मान खाली घातली. मोजणाऱ्याने पाहायला हवं होतं, पण त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी फक्त ऐकलं. दाणे टोपातल्या पाण्यात पडले असते तर आवाज वेगळा आला असता. ते कोरडे, मडक्यात परत गेले.

भात रटरटायला लागल्यावर कृष्णाबाईंनी चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं, राखेत दाबून विझवलं आणि सरांपुढे धरलं.

"ह्यां घेवा. ह्यां तेच्या वाटणीचां."

काटा नियमाप्रमाणे लावला. टोक अजून धुमसत होतं आणि वजन करताना सरांच्या डोळ्यांत धूर गेला. एकूण जळलेलं लाकूड दोन किलो सहाशे पन्नास. माणसे: चार. कृष्णाबाईंनी सही केली. गेल्या वेळेपेक्षा ती स्वच्छ आली होती.

त्या दुपारचा कागद पुण्याला गेला, पुण्याहून तिसाव्या तारखेला तालुक्याला आला, आणि एकतीसला संध्याकाळी कचेरीच्या फलकावर यादी लागली. 'सुभद्रा'पुढे तीन नावं होती.

सहदेवने छापील तक्ता सरांपुढे ठेवला. घर क्र. ११२. माणसे: पाच. लाकूड: दोन किलो सहाशे पन्नास.

"माणसांचा रकाना मूळ माहितीत येतो म्हणे," तो म्हणाला. "तो फेरतपासणीत उघडतच नाही. फक्त वजन बदलतं."

सरांनी तिथूनच फोन लावला. त्यांनी तोंड उघडण्याआधीच उर्वशीबाई बोलायला लागल्या.

"सर, एकशे बारा! तेवढीच माणसं आणि लाकूड सहाव्या हिश्शाने कमी! काय केलं हो त्यांनी? नवी चूल बसवली?"

"भात कमी घातला," सर म्हणाले.

"आहारात बदल," बाई म्हणाल्या. त्या लिहून घेत असल्याचं ऐकू येत होतं. "फार छान. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं."

"मॅडम, त्या घरातला माणूस बुडालाय."

 "अरेरे," बाई म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. "पण त्यासाठी, सर, आपल्याकडे रकाना नाहीये."

नगरपरिषदेने पुढच्या आठवड्यात ठराव केला. सर्जेबंदर हे उत्सर्जन घटवणारं जिल्ह्यातलं पहिलं शहर असल्याचं भाईंनी सभेत जाहीर केलं आणि एकशे बारा नंबरच्या घराला आदर्श घर म्हणून नारळ व शाल द्यायचं ठरलं. शाल कुटुंबप्रमुखाला द्यायची असल्याने नाव रेशनकार्डावरून घेतलं. नितेशचं आलं. निमंत्रणाच्याच टपालाने त्याला दुसरी नोटीसही आली, जबाबाला गैरहजर राहिल्याबद्दल.

सर दांड्यावर गेले ते मात्र यादी लागली त्याच संध्याकाळी, तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. काटा त्यांनी या वेळी घरीच ठेवला होता. देवाच्या फळीवरची नोटीस गेली होती; तिथे नुसतं वाळलेलं फूल होतं. चुलीच्या बाजूला, भिंतीशी, विझलेल्या लाकडांची एक लहानशी रास होती. सरांनी न ठरवता मोजली. पाच. सत्तावीस तारखेपासून रोज एक.

"लागलां नाव?" कृष्णाबाईंनी विचारलं. त्या मडक्याशी बसल्या होत्या, करटी हातात.

"नाय."

"मी कमी घातलंय. तुमी बघलात."

"बघलंय. लिवलंय पण. तेंनी घेवक नाय."

वर्षाली चुलीवरच्या टोपाकडे पाहत उभी होती. कृष्णाबाईंनी करटी तांदळात खुपसली, भरली, आणि भरलेली तशीच धरून सरांकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत हजेरी घेताना मुलं जसं बघतात तसं त्या बघत होत्या, मास्तर काय सांगतो ते ऐकायला.

"मगे आता कितक्यांचो घालू?"

 वर्षालीने टोपावरचं झाकण उचललं. वाफ वर आली.

"आये," ती म्हणाली, "आधण इला."